हिजियामाच्या आडोशाला

हिरोशिमाच्या स्टेशनावर उतरलेला पाहुणा बहुधा पश्चिमेकडे जाणारी ट्राम धरतो. थोड्याच वेळात ती त्याला अणुबाँबने सांगाडा करून ठेवलेल्या त्या घुमटापाशी नेऊन सोडते. पाहण्याजोगे, नव्हे, पाहिलेच पाहिजे असे तिथे पुष्कळ आहे आणि त्यावर लिहिलेही पुष्कळ गेले आहे. पण त्याच स्टेशनातून पूर्वेकडची लोकल धरली, तर दुसऱ्याच थांब्यावर मुकाइनादा नावाचे एक साधेसुधे स्टेशन लागते. इथे उतरणाऱ्यांत पाहुणे थोडे, नोकरीला निघालेली माणसेच फार. स्टेशनाबाहेर पडावे, तो लगेच एका मोटार कारखान्याची कचेरी समोर येते. जळालेले गाव पुढे जगले कसे, हे ज्याला पाहायचे असेल त्याने इथे यावे.

कारखाना माझदाचा. आणि गंमत अशी की कंपनीची ही मुख्य कचेरी हिरोशिमा शहरात नाहीच! ती आहे फुचू नावाच्या गावात. या फुचूला चारही बाजूंनी हिरोशिमाने वेढले आहे. पन्नास हजारांवर वस्ती, घराला घर लागलेले. पण ‘आम्हांला शहरात घ्या’ असे हे गाव काही म्हणत नाही. एवढा मोठा कारखाना कर भरीत असताना दुसऱ्याच्या घरात कशाला नांदायला जावे, असा सरळ हिशेब असणार. या मुलखात हट्ट पुष्कळ पिकतो, त्यातला हा पहिला.

आता नावाविषयी थोडेसे. मराठी शिकविणाऱ्या माणसाच्या हाती असा शब्द लागला की तो सोडवत नाही. कारखान्याच्या संस्थापकाचे आडनाव मात्सुदा. ‘मात्सु’ म्हणजे चिडाचे झाड आणि ‘दा’ म्हणजे भातशेत. आपल्याकडच्या कोकणी आडनावांसारखेच रानामाळातून आलेले हे आडनाव. १९३१ साली कंपनीची पहिली गाडी बाहेर पडली, तेव्हा तिला रोमन लिपीत ‘माझदा’ असे नाव दिले गेले. मालकाच्या आडनावाशी ते जुळत होते आणि पारशांच्या अहुरमझ्दाशीही, प्रकाशाच्या आणि प्रज्ञेच्या देवाशी. भाषेचे अभ्यासक अवेस्तेतील ‘मझ्दा’ आणि संस्कृतातील ‘मेधा’ यांचे मूळ एकच मानतात. ‘अहुर’ आणि ‘असुर’ यांचेही. म्हणजे आपल्याकडे जो असुर ठरला तो इराणात देव झाला, तिथून मुंबईच्या अग्यारीत आला आणि तिसरीकडे, हिरोशिमात, तीनचाकी मालगाडीवर जाऊन बसला. जपानी लिपीत मात्र कंपनी आपले नाव आजही ‘मात्सुदा’ असेच लिहिते. म्हणून तिथला माणूस मालकाचे आडनाव घेतो आणि बाहेरचा माणूस देवाचे. दोघांनाही आपण बरोबरच म्हणतो आहोत असे वाटते.

हे जुजिरो मात्सुदा म्हणजे कोळ्याच्या घरातले बारावे अपत्य. जन्म १८७५ चा. शाळेशी फारसा संबंध आला नाही. पोरवयातच ओसाकाला लोहाराच्या हाताखाली उमेदवारी केली. पुढे स्वतःचा पंप काढला, कारखाने उभारले, गमावले, पुन्हा उभारले. १९२० साली हिरोशिमात बूच तयार करणारी ‘तोयो कॉर्क कोग्यो’ ही कंपनी निघाली आणि पुढच्याच वर्षी ती मात्सुदांच्या हाती आली. पहिल्या महायुद्धात परदेशी बूच मिळेनासे झाले होते, तेव्हा देशी झाडाच्या सालीचे बूच खपत होते. युद्ध संपले आणि तो धंदा बसला. त्यात १९२५ साली कारखान्याला आग लागली. दुसरा एखादा गाशा गुंडाळून घरी बसला असता. मात्सुदा यंत्रांकडे वळले. १९२७ साली कंपनीच्या नावातले ‘कॉर्क’ गळून पडले आणि चार वर्षांनी तीनचाकी निघाली. पुढे मोटारसायकलीचे तोंड, मागे माल भरायचा हौदा. आपल्याकडे रस्तोरस्ती फिरलेला तीनचाकी टेम्पो जर्मन कुळीचा. पण जपानच्या अरुंद गल्ल्यांत तेच काम या गाड्या त्याच्या कितीतरी आधीपासून करीत होत्या.

पुढचा भाग झाकून ठेवण्यासारखा नाही. युद्धाच्या काळात या कारखान्यात सैन्यासाठी रायफली तयार होत. हिरोशिमा हे शहरच मुळी लष्करी. १८९४ साली चीनशी युद्ध झाले तेव्हा सम्राटाने आपला तळ इथल्या किल्ल्यात हलविला होता आणि उजिना बंदरातून फौजा बोटींत चढत होत्या. हिरोशिमाला जाऊन फक्त अश्रू ढाळायचे आणि हे विसरायचे, हे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. तिथल्या लोकांनी ते विसरलेले नाही.

६ ऑगस्ट १९४५ हा जुजिरो मात्सुदांचा सत्तरावा वाढदिवस. सकाळी लवकरच ते शहरात न्हाव्याकडे केस कापायला गेले. काम आटोपून मोटारीत बसले आणि निघाले. शहराचा मधला भाग मागे पडला असेल नसेल, तेवढ्यात सव्वाआठ वाजता ते घडले. मोटारीला हादरा बसला, पण मात्सुदा वाचले. जिथे थोड्या वेळापूर्वी ते खुर्चीत बसले होते, तिथे काही उरले नाही.

शहर आणि कारखाना यांच्यामध्ये हिजियामा नावाची एक टेकडी आहे. टेकडी कसली, सत्तर मीटर उंचीचा एक उंचवटा. पुण्याच्या पर्वतीची धाकटी बहीण म्हणा. पण तिच्या पलीकडच्या वस्त्यांना तिने त्या दिवशी पाठ दिली. कारखाना स्फोटाच्या जागेपासून पाच किलोमीटरांवर होता. अंतर आणि टेकडी या दोहोंनी मिळून तो वाचविला. छपरे उडाली, काचा फुटल्या, यंत्रे राहिली. माणसांचे तसे झाले नाही. आगीला आळा बसावा म्हणून शहरात ओळीने घरे पाडण्याचे काम चालू होते आणि त्या कामावर कारखान्यातून गेलेले कितीतरी जण परत आले नाहीत. याच फुचूच्या डोंगरातून एका सतरा वर्षांच्या मुलाने आकाशात चढणाऱ्या त्या ढगाचे छायाचित्र घेतले. स्फोटानंतर काही मिनिटांतच घेतलेले ते चित्र आज जगभर पाहिले जाते.

मग एक विलक्षण गोष्ट घडली. जखमी माणसे टेकडीला वळसा घालून कारखान्याच्या आवारात येऊ लागली. त्यांची शुश्रूषा तिथेच झाली. शहरात सरकारला बसायला जागा उरली नव्हती, तेव्हा प्रांताची कचेरी कारखान्याच्या इमारतीत आली आणि जवळजवळ वर्षभर तिथेच राहिली. नभोवाणी केंद्रही तिथेच हलले. म्हणजे काही महिने या गावाचा कारभार एका मोटार कारखान्यातून चालला! तीन दिवसांनी थोड्याशा मार्गावर ट्राम धावली आणि डिसेंबरात कारखान्यातून तीनचाकी गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. राखेतून घरे उभी करायची तर लाकूड, विटा, तांदूळ, भांडीकुंडी हलवायला काहीतरी हवेच होते. या गाड्यांवर हिरोशिमाकरांचा एवढा जीव का, याचे उत्तर मोटारींच्या जाहिरातीत शोधून सापडणार नाही.

जुजिरो १९५२ साली वारले. त्यांचा मुलगा त्सुनेजी त्याआधीच कंपनीची सूत्रे सांभाळू लागला होता. १९६० साली त्याने ३५६ सीसीची एक चिमुकली मोटार काढली. तिच्यात चार माणसे बसतात असे कंपनीचे म्हणणे. पण त्याच सुमारास टोकियोच्या सरकारी खात्यात वेगळेच शिजत होते. मोटारीचे कारखाने फार झाले, त्यांची दोन-तीन गटांत मोट बांधावी, असा तो बेत. प्रांतातल्या लहान कंपनीने मुकाट्याने मोठीच्या पदराखाली जावे. त्सुनेजीला हे पटणारे नव्हते. इतरांपाशी नाही असे काहीतरी आपल्यापाशी असेल, तरच आपण स्वतंत्र राहू, हे त्याने ओळखले आणि जर्मनीतील एनएसयू कंपनीकडून वांकेल यांच्या रोटरी इंजिनाचा परवाना मिळविला. १९६१ साली करार पक्का झाला.

हे इंजिन म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. बाईंनी आणि मुलांनी पान उलटू नये. साध्या इंजिनात दट्ट्या खालीवर होतो, मुसळासारखा. रोटरीत मुसळ नाही, जात्यासारखे फिरणे आहे. कमरेत किंचित आवळलेल्या लांबट गोल पोकळीत तीन कोपऱ्यांचा एक लोखंडी त्रिकोण फिरतो. फिरताना त्याचे तिन्ही कोपरे भिंतीला सतत टेकलेले असतात आणि त्याच्या तीन बाजूंना हवा ओढणे, दाबणे, पेटणे आणि बाहेर जाणे हे सारे आळीपाळीने चाललेले असते. भाग थोडे, वजन कमी, चाल रेशमासारखी. कागदावर तर इतके सुंदर, की आजवर हे कोणाला सुचले कसे नाही असे वाटावे.

कागदावरून लोखंडात उतरल्यावर मात्र भूत बाहेर आले. त्रिकोणाच्या कोपऱ्यांवर बसविलेल्या पट्ट्या फिरता फिरता थरथरत आणि पोकळीच्या भिंतीवर लाटालाटांचे ओरखडे उठवीत. कामगारांनी त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हटले. जर्मनांनी विकलेल्या वस्तूत ही खोड आहे, हे पैसे मोजून झाल्यावर कळले. जे एनएसयूला साधले नव्हते, ते हिरोशिमाच्या पोरांनी सोडवायचे होते.

हे काम केनिची यामामोतो नावाच्या अभियंत्याकडे आले. टोकियो विद्यापीठाचा हा पदवीधर युद्धात विमानांच्या कामावर होता. युद्धानंतर उद्ध्वस्त गावी परतला आणि याच कारखान्यात तीनचाकीचे भाग जोडणारा साधा कामगार म्हणून लागला. त्याच्या हाताखाली ४७ तरुण अभियंते देण्यात आले. सत्तेचाळीस हा आकडा जपान्यांना काय सांगतो, हे आपल्याला चटकन कळायचे नाही. धन्यासाठी प्राणावर उदार झालेल्या ४७ सामुराईंची कथा तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असते. आपल्याकडे ‘सात वीर’ म्हटले की प्रतापराव गुजरांची स्वारी जशी डोळ्यांसमोर येते, तसेच काहीसे. फरक एवढाच, की या सत्तेचाळिसांना मरायचे नव्हते, पट्टी तयार करायची होती. नाना धातू झाले, नाना पदार्थ झाले. अखेर अ‍ॅल्युमिनियम मुरविलेल्या कार्बनाच्या पट्टीने सैतानाची नखे बोथट केली. मे १९६७ मध्ये ‘कॉस्मो स्पोर्ट’ ही गाडी विक्रीला आली. बुटकी, लांबलचक, आकाशातून उतरल्यासारखी. पुढच्या वर्षी जर्मनीत ८४ तासांच्या शर्यतीत दोन कॉस्मो उतरल्या. एक शेवटच्या काही तासांत बंद पडली, दुसरी चौथी आली. कॉस्मो मोजक्याच निघाल्या, बाराशेच्याही आत. पण सरकारच्या बेताला दिलेले उत्तर रस्त्यावर धावत होते.

इथेच गोष्ट संपवली तर दिवाळी अंकाला शोभेल. पण हट्टाची दुसरी बाजू राहील. रोटरी पेट्रोल फार पिते. १९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि अमेरिकेतील गिऱ्हाईक पाठ फिरवून निघून गेले. न विकलेल्या गाड्यांचे ढीग लागले. सुमितोमो बँकेने हात दिला, पण बँक हात देते तेव्हा नाडीही धरते. कामगारांना काढून टाकले नाही. हजारो जणांना विक्रेत्यांकडे धाडले. आयुष्यभर पाना फिरविलेली माणसे दूरदूरच्या गावांत दारोदार जाऊन, वाकून, गाड्या विकू लागली. अभियंत्यांच्या जिद्दीच्या कहाण्या सांगणारे या माणसांबद्दल दोन ओळींत आटोपते घेतात, हे मला रुचत नाही. यामामोतोच्या यशाची किंमत त्यांच्याही चपलांनी मोजली आहे. गावच्या व्यापाऱ्यांनी ‘मोटार घ्याल तर इथलीच घ्या’ अशी चळवळच काढली. १९७७ साली त्सुनेजीचा मुलगा कोहेई याला बँकेने प्रमुखपदावरून दूर केले आणि मात्सुदा घराण्याच्या हातून कंपनी गेली.

गेली ती कंपनी. बेसबॉलचा संघ गेला नाही. हिरोशिमा कार्प हा संघ १९५० साली मैदानात उतरला; कार्प म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहणारा मासा, आणि इथल्या किल्ल्यालाही त्याचेच नाव आहे. सुरुवातीलाच संघ पैशावाचून बुडायला आला, तेव्हा मैदानाच्या दाराशी साकेची पिंपे ठेवली गेली आणि ज्यांची घरे अजून पत्र्याची होती अशा लोकांनी त्यांत नाणी टाकली. पुढे मात्सुदांनी संघाला आधार दिला. पंचवीस वर्षे हा संघ बहुतेक तळाशीच. १९७५ साली त्यांनी टोपीचा रंग बदलून लाल केला आणि त्याच वर्षी प्रथमच साखळी जिंकली. कारखाना बुडू पाहत होता त्याच वर्षी! संघ आजही मात्सुदा घराण्याकडे आहे. सामन्याच्या दिवशी हिरोशिमाच्या ट्रामीत पाहावे. आजीपासून नातवापर्यंत सारे लालेलाल.

१९७९ साली अमेरिकेच्या फोर्डने कंपनीत भाग घेतला आणि १९९६ साली तिचा प्रमुख म्हणून एक स्कॉटिश गृहस्थ येऊन बसला. जपानी मोटार कंपनीच्या खुर्चीवर बसलेला तो पहिला परदेशी. २०१५ पर्यंत फोर्ड पूर्ण बाहेर पडली. या व्यवहारांत रस असणाऱ्यांसाठी व्यापारी पाने आहेत. मला त्यापेक्षा संग्रहालयातली ५५ क्रमांकाची नारिंगी-हिरवी गाडी अधिक बोलकी वाटली. कचेरीपासून कंपनीचीच बस पाहुण्यांना कारखान्याच्या आवारातून तिथे घेऊन जाते. जून १९९१ मध्ये फ्रान्समधील ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत, चार रोटरींचे इंजिन घेऊन, ही गाडी पहिली आली. तोवर कोणत्याही जपानी कंपनीला ते साधले नव्हते. अखेरच्या फेऱ्या चालविणारा जॉनी हर्बर्ट इतका थकला, की बक्षीस घ्यायला उभे राहण्याचे त्राणही त्याच्यात उरले नाही.

या कंपनीची सर्वांत लाडकी गाडी मात्र रोटरीची नाहीच. १९८९ साली निघालेली, दोन माणसांची, छत उघडणारी लहानशी ‘रोडस्टर’. तिच्यामागची कल्पना घोड्यावरून बाण मारणाऱ्या जुन्या जपानी धनुर्धरांकडून घेतली आहे: स्वार आणि घोडा एकजीव व्हावेत. मराठ्यांच्या पागेत हे कोणाला समजावून सांगावे लागले नसते. अशा गाडीत ना कुटुंब मावते ना सामान. तरी २०१६ साली दहा लाखावी रोडस्टर बाहेर पडली.

आपल्याकडे माझदाच्या मोटारी दिसत नाहीत. ज्यांच्या शाळेची किंवा कंपनीची बस ‘स्वराज माझदा’ होती, त्यांना नाव ओळखीचे असेल. पंजाबात तयार होणाऱ्या त्या गाड्यांवरून २०११ मध्ये ते नाव निघाले.

रोटरीची शेवटची मोटार २०१२ साली बंद झाली. आता सारे संपले असे लोक म्हणाले. २०२३ साली ते इंजिन पुन्हा दिसले, एकाच त्रिकोणाचे, ८३० सीसीचे, एका विजेच्या मोटारगाडीत. चाके फिरविण्याचे काम त्याच्याकडे राहिलेले नाही. बॅटरी उतरली की कोपऱ्यात बसून ते वीज तयार करते, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने दिवाणखान्यातून माजघरात येऊन शेंगा सोलाव्यात तसे.