जागेश्वरचे देवदार

वैशाखात बोथ्याच्या घाटाने खामगावहून बुलढाण्याकडे निघालं की दोन्ही अंगांना साग, सालई, धावडा यांची उघडी खोडं दिसतात आणि पायाखाली पाचोळा कडकडा वाजतो. उन्हाळ्यातलं जंगल आम्हाला असंच ठाऊक. त्याच वैशाखात मी कुमाऊँतल्या जागेश्वरला पोचलो आणि वर गेलेली मान खाली येईना. साधारण 1,870 मीटर उंचीवरच्या त्या अरुंद दरीत शेकडो वर्षांची दगडी देवळं आणि त्यांना वेढून देवदारांचं रान. खोडं सरळ आभाळात गेलेली, फांद्या मजल्यामजल्याने पसरलेल्या आणि एकही झाड बोडकं नाही!

आमच्याकडे सूचिपर्णी झाड म्हणजे अंगणातली मोरपंखी. शाळेत तिचं पान ‘विद्या’ म्हणून पुस्तकात जपायचं, एवढीच ओळख. तिच्याच लांबच्या गोतातलं हे झाड पन्नास मीटरपर्यंत वाढतं आणि त्याच्यापुढे देवळाचा कळस ठेंगणा दिसतो.

मी खाली शंकू शोधू लागलो. चिड पाइनचे शंकू वाटेवर अख्खे पडलेले दिसले होते, देवदाराचा मात्र अख्खा एकही मिळेना. कारण कळलं तेव्हा आणखी नवल वाटलं. पिंपासारखा हा शंकू फांदीवर उभाच असतो आणि पिकला की तिथेच त्याचे खवले सुटतात. पंखवालं बी वाऱ्यावर निघून जातं, मागे उरतो नुसता दांडा. खाली पडतं ते शेंड्याचं टोक, हुबेहूब लाकडी गुलाब.

पण मला सगळ्यात भिडली ती या झाडाची तहान. आमचा साग उन्हाळ्यात पाणी मिळत नाही म्हणून पानं टाकून देतो. देवदारालाही हिवाळ्यात पाणी दुर्मीळच; जमीन गोठली की मुळांना ते ओढता येत नाही. त्याने पानं टाकली नाहीत, त्यांच्या सुया केल्या, वर मेणाचा लेप दिला. एकच अडचण आणि दोन रानांनी काढलेल्या दोन वाटा! आणि विदर्भाला ही दुसरी वाटही अगदी परकी नाही. नागपूरजवळच्या टाकळीत लाव्हाच्या थरांमध्ये दबलेल्या गाळात सूचिपर्णी झाडांचे दगड झालेले शंकू सापडले आहेत. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी त्यांचा अभ्यास केला आणि एकाला टाकळीवरूनच टाक्लिओस्ट्रोबस हे नाव दिलं. ती झाडं सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची.

देवदाराचं लाकूड तेलकट, सुवासिक असतं. त्याला कीड सहसा लागत नाही. म्हणून हिमाचलातली पारंपरिक घरं दगड आणि देवदार यांचे थर आलटून पालटून रचून बांधत, श्रीनगरच्या हाउसबोटीही याच लाकडाच्या. आमच्या घरांत तो आला बाळंतकाढ्यातून, देवदार्वादि काढ्याच्या बाटलीत.

हा टिकाऊपणाच त्याच्या मुळावर आला. एकोणिसाव्या शतकात फ्रेडरिक विल्सन नावाच्या इंग्रजाने हर्सिलजवळचे देवदार तोडून ओंडके भागीरथीत सोडले. त्यांचे रेल्वेचे स्लीपर झाले. पुढे 1973 ला झाडं वाचवण्यासाठी चिपको आंदोलन सुरू झालं आणि 1981 मध्ये उत्तर प्रदेशच्या पहाडी भागात 1,000 मीटरच्या वर हिरवी झाडं तोडायला बंदी आली. तरी 2024 मध्ये जागेश्वरच्याच रस्त्यासाठी देवदारांवर खुणा झाल्या. गावकरी आडवे आले. त्यांचं मला फार मोल वाटतं, कारण असा देवदार उभा राहायला माणसांच्या पिढ्या जातात.

हौसेने त्याचं रोप बुलढाण्याला आणू नये. आमच्या उन्हात ते सुखाने वाढणार नाही आणि आमच्या रानाला त्याची गरजही नाही. आमची सालईही डिंक देते, धूप देते, औषध देते. तो डिंक काढताना खोडाला खोल घाव घातले की तीही वाळते. पावसाच्या तोंडावर तिची जाड फांदी रोवली तर ती मुळं धरते. बोथ्यात लावायची तर ती लावावी.