दीड तासावरचे गाव

हल्ली गावांची अंतरे कोणी कोसांत सांगत नाही, तासांत सांगतो. "दिल्ली? दोन तास!" असे म्हणताना घरापासून विमानतळापर्यंतचे दोन तास मुंबईकर हिशेबात धरीत नाही, हा भाग वेगळा. पण तास बोलले की गाव जवळ आल्यासारखे वाटते, एवढे खरे.

मला मात्र नकाशावर पट्टी ठेवून अंतरे मोजण्याचा नाद आहे. मराठीच्या प्राध्यापकाला तो शोभत नाही, असे घरच्यांचे एकमुखी मत आहे. परंतु नव्वदीला टेकलेली माझी आजी माझ्या बाजूची आहे. तिचा जन्म कराचीचा. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. त्यामुळे आजीचे वडील तिकडच्या बंदरात कारकून म्हणून गेले, तेव्हा परमुलखात जातो आहोत असे त्यांना वाटलेही नसेल. तिचे थोरले भाऊ नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाच्या तिथल्या जुन्या शाळेत शिकले. १९४७ साली दहा वर्षांची आजी बोटीने मुंबईच्या धक्क्यावर उतरली, ती उतरलीच.

परवा तिने विचारले, "विमानानं कराची किती रे?"

मी पट्टी लावली. "पावणेनऊशे किलोमीटर. दिल्लीपेक्षा जवळ! दीड तास पुरे. शिवाय त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागं. इथून बाराला निघालीस तर तिथं एक वाजलेला असेल."

"म्हणजे जेवायच्या वेळेला पोचेन की!" आजीचा चेहरा उजळला.

आता पुढचे सांगणे भाग होते. या दोन शहरांमध्ये आज थेट विमान नाही. जायचे तर दुबईमार्गे. म्हणजे आधी पश्चिमेला सुमारे एकोणीसशे किलोमीटर, आणि मग जवळजवळ बाराशे किलोमीटर परत. उड्डाणाचेच पाच तास, मधला खोळंबा निराळा, आणि व्हिसा मिळाला तर!

गंमत अशी की, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन एका इंजिनाच्या चिमुकल्या पस मॉथ विमानातून सकाळी कराचीहून निघाले, वाटेत अहमदाबादला थांबले, आणि दुपारी जुहूला उतरले. आपल्या नागरी विमानवाहतुकीचा इतिहास तिथून सुरू होतो. पुढे १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्याच वाटेने जुन्या धाटणीच्या विमानातून ते पुन्हा एकटे आले. आजच्या जेट विमानाचा वेग त्या विमानाच्या पाचपट. पण कराचीच्या उतारूला त्याचा उपयोग शून्य.

हे सारे आजीने शांतपणे ऐकून घेतले. "म्हणजे शेजारच्या घरी जायला गावाला वळसा," ती म्हणाली. मग थोडे थांबून, "पण अंतर तेवढंच आहे ना?"

"अंतर तेवढंच आहे, आजी."

"मग झालं तर!"

काय झाले, ते मी विचारले नाही. अंतर पृथ्वी ठरवते आणि वेळ माणसे ठरवतात, एवढेच मला त्यातून उमगले. तेव्हापासून कोणी गावाचे अंतर तासांत सांगू लागले की मी पट्टी शोधतो. माणसांनी बिघडवलेले हिशेब पट्टीला ठाऊक नसतात. तिच्या लेखी कराची अजून मुंबईच्या शेजारीच आहे.