किती वाळलीस गं!

सुट्टीत नांदेडला गेलो की दारातच पहिले वाक्य ठरलेले, "किती वाळलीस गं! हैदराबादेत खायला मिळत नाही का?" इथल्या आमच्या तेलुगू शेजारणीही "चिक्किपोयावु" म्हणून तशाच हळहळतात. आपल्या भाषेत दुःख माणसाला वाळवते. माणूस झुरतो, खंगतो, काळजीने अर्धा होतो. सुख आले की अंगावर मूठभर मांस चढते. जाड माणूसही आतून खचलेला असू शकतो, हे सांगायला आपल्याकडे शब्दच नाही.

आमच्या नात्यातली एक मुलगी दहावीच्या वर्षी, आजी गेल्यानंतर, भराभर जाड झाली. "छान अंग धरलंय हो!" असे जो तो म्हणे. ती रात्री-रात्री जागी असे आणि उठून डबे उघडून खात बसे. पुढे डॉक्टरांनी सांगितले, हे नैराश्य आहे.

लठ्ठ माणूस आनंदी, ही समजूत केवळ आपलीच नव्हे. १९७६ साली इंग्लंडमध्ये क्रिस्प आणि मॅकगिनिस यांना लठ्ठ पुरुषांमध्ये चिंता व उदासी कमी आढळली होती. २००४ मध्ये हाँगकाँगच्या वृद्धांतही तसेच दिसले. तिथे भरलेले अंग म्हणजे भाग्य. पण २०१० साली पंधरा अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा लठ्ठ व्यक्तींना पुढे नैराश्य येण्याचा धोका ५५ टक्के जास्त आणि नैराश्य असलेल्यांना लठ्ठ होण्याचा धोका ५८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेत हा संबंध युरोपपेक्षा ठळक होता. म्हणजे वजनाइतकेच, लोक त्या वजनाला काय म्हणतात, तेही महत्त्वाचे असावे.

फिजी बेटांवर तर भरदार बांधा हेच कौतुक! तिथल्या एका भागात १९९५ साली टीव्ही आला आणि तीनच वर्षांत शाळकरी मुली स्वतःला जाड समजून कमी खाऊ लागल्या. आपल्या मुली आज दोन्हीकडून ऐकतात. आजी म्हणते वाळलीस, वर्गातली मुले म्हणतात ढोली. (मुलांनाही 'जाड्या' चुकत नाही.)

शाळेच्या आरोग्य तपासणीत वजनाचा आकडा सर्वांसमोर मोठ्याने वाचू नये, तो पालकांना कागदावर द्यावा, अशी आम्हा काही पालकांची विश्वस्तांना विनंती आहे. त्याच कागदावर झोप कशी आहे, खेळावेसे वाटते का, हे दोन प्रश्नही असावेत. आणि मुलांनो, मन फारच जड झाले तर घरी किंवा बाईंना सांगा. सरकारची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवाही २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६.