ओढलेला दोरा

लोणारच्या विवराच्या आकाराची एक गोधडी मी शिवली आहे. ती अंथरता येत नाही की पांघरता येत नाही. जमिनीवर ठेवली की तिचे काठ वर उचललेले राहतात आणि मधे खोल पोकळी दिसते. आत तार नाही, लाकूड नाही, खळसुद्धा नाही. कापड असं उभं कसं राहिलं, असं बघणारे विचारतात. त्याचं उत्तर मला लोणारच्याच एका मावशीनं दिलेलं आहे, आणि ते माझं म्हणून सांगायला जीभ रेटत नाही.

मावशी रक्ताची नव्हे. आमच्या गल्लीत ती शिलाई घेऊन गोधड्या शिवून द्यायची. घटस्थापनेआधी घरोघरची पांघरुणं धुऊन निघाली की जुन्या लुगड्यांचा ढीग तिच्या ओसरीवर यायचा. एक लुगडं ती जमिनीवर ताणून पसरायची, चारही कोपऱ्यांवर वरवंटा, वीट, हाताला येईल ते वजन ठेवायची. त्यावर चिंध्यांचे थर, वरून दुसरं लुगडं, आणि मग सगळं टाचून घ्यायची. नंतर काठापासून आत, चौकोनात चौकोन घेत धावदोरा चालायचा. मी तिच्या सुईत दोरा ओवून द्यायचे. पुढे सुई माझ्या हातात आली आणि तिच्याबरोबर ताकीदही आली: "दोरा वढू नोको, पोरी. वाकय गोया व्हते."

काठाचा दोरा ओढला की घेर आखडतो. मधलं कापड मात्र तेवढंच असतं, त्याला जागा पुरत नाही आणि ते फुगतं. मधला दोरा ओढला तर उलट होतं, काठाला चुण्या पडतात. झोपणाऱ्याच्या अंगाला दोन्ही टोचतात. मावशी शिवलेल्या भागावरून तळवा फिरवायची आणि कुठल्या टाक्यापासून बिघडलं ते अचूक सांगायची. तिथपर्यंत उसवायला लावायची. हे ज्ञान तिच्या हातात होतं; मी त्याला ज्ञान म्हणायला फार पुढे शिकले. मृणालिनी मुखर्जींनी दोरीच्या गाठींतून घडवलेली शिल्पं पाहिली तेव्हा मला आठवलं, कापडाला आकार कसा येतो हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. फक्त तो आकार येऊ द्यायचा नाही, एवढंच मी तोवर शिकले होते.

लोणारचं विवर निवडलं त्याला कारण आहे. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे लाव्ह्याच्या थरांवर थर. त्यांवर उल्का आदळली, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा खळगा पडला आणि काठाशी थर उचलले गेले, काही बाहेरच्या बाजूला उलटले. मी चिंध्यांचे थर लावले आणि काठाच्या फेऱ्या एकेक करून ओढत गेले. कातरण दिली ब्लाउज शिवणाऱ्या एका काकांनी, पोतं भरून, आणि पैशांचं नाव काढू दिलं नाही. ब्लाउजच्या गळ्याचे कापून काढलेले तुकडे अर्धगोल असतात. गोल फेऱ्यांना ते जणू मोजून दिल्यासारखे बसले. जून 2020 मध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं होतं, म्हणून तळाला गुलाबी टू बाय टूचं कापड घातलं.

हा सगळा वऱ्हाड म्हणजे कापसाचा मुलूख. 1870 साली खामगावला रेल्वेचा फाटा आला तो इथल्या कापसासाठीच. गाठी बाहेर गेल्या, त्यांचं कापड झालं, आणि ते कापड विरेपर्यंत वापरून इथल्या बायकांनी त्याची पुन्हा पांघरुणं केली. चिंध्या जोडलेलं वस्त्र अंगावर घेऊन गाडगेबाबा याच वऱ्हाडात हिंडले. तेव्हा चिंधीला मान मी मिळवून दिला, असं कुणी म्हटलं की मला ते खरोखर लागतं.

अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंडच्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या, शिवणारणींच्या नावांसह. माझ्याही कामाखाली मावशीचं नाव लावावं असं मी तिला म्हटलं. ती नको म्हणाली. म्हणून इथेही लिहीत नाही.

काम पुरं झाल्यावर तिला घरी आणलं. तिनं गोधडी आधी उलटी करायला लावली, खालचे टाके पाहिले, मग तळवा काठावरून सावकाश फिरवला. "म्या जे करू नोको म्हनलं, थेच केलं तू," ती म्हणाली. पुन्हा एकदा हात फिरवला. "पन सारखं वढलं."

मी पैसे पुढे केले, ते तिनं परत माझ्या मुठीत कोंबले. तिच्या नातीला दिवस गेले होते. "थिच्या लेकरासाठी येक सपाट शिवून दे," म्हणाली. लुगडं तिनंच काढून दिलं, मऊ झालेलं, हिरव्या काठाचं. ती लहानशी गोधडी सध्या चालू आहे. पहिल्या कोपऱ्याशी दोरा थोडा ओढला गेला होता. परवा तिनं तो उसवायला लावला.