कड्यावरची लाल वाट

मुंबईहून कर्जतच्या गाडीने निघून नेरळला उतरले की समोर डोंगराची एक लांबच लांब भिंत उभी दिसते. तिच्या माथ्यावर जे रान आहे, तेच माथेरान. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीचे हे पठार चहूबाजूंनी तुटलेल्या कड्यांवर विसावलेले आहे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट येथे चढून आले आणि पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या काळात वस्तीला आकार आला. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या पुढाकाराने नेरळहून छोटी गाडीही वर पोचली. पॅनोरमा, लुईझा, अलेक्झांडर, चौक अशा नावांचे कडे ही या गावाची खरी सार्वजनिक उद्याने. त्यांना कुंपण नाही आणि तिकीटखिडकीही नाही. जांभूळ, हिरडा आणि अंजनीच्या सावलीतून पायवाट जाते आणि एकाएकी पुढे आकाश उघडते.

या उद्यानांचे नूतनीकरण कसे व्हावे, किंबहुना व्हावे की नाही, हा वाद गेली काही वर्षे चालू आहे. गेल्या हिवाळ्यात बहात्तर वर्षांच्या आईला घेऊन मी तेथे गेले, तेव्हा माझे मत ठरलेले होते. लाल मातीच्या वाटेवर एकही ठोकळा बसता कामा नये, असे मी घरी अनेकदा बोलून दाखवले होते. आईने ते ऐकले होते, पण त्यावर ती कधी काही बोलली नव्हती.

दस्तुरी नाक्यावर मोटारी थांबतात. तेथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. माथेरानमध्ये रुग्णवाहिकेसारखे अपवाद वगळता मोटारींना बंदी आहे आणि ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र शासनाने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. त्यामुळे पुढे जायचे ते पायी, घोड्यावर किंवा अमन लॉजहून छोट्या गाडीने; तेव्हा हातरिक्षाही होत्या. डिसेंबर २०२२ पासून ई-रिक्षाही आल्या; प्रथम केवळ प्रायोगिक तत्त्वावर.

आईच्या दोन्ही गुडघ्यांना संधिवात आहे. ई-रिक्षापुढे मोठी रांग होती. एक हातरिक्षावाले पुढे आले. "मावशी, बसा. सावकाश नेतो," असे ते म्हणाले. त्यांच्या सोबत गाडी मागून ढकलणारा एक तरुण होता. आईने मान हलवली. "माणसाने ओढलेल्या गाडीत मला नाही बसवत. तुमचा रोजगार बुडवला, राग मानू नका." ते हसले. "राग कसला? आम्हालाच कुठे ओढायची हौस आहे? चढावर छाती भरून येते. ई-रिक्षा माझ्या हाती आली, तर हे उद्या सोडीन."

गावात परवानाधारक हातरिक्षा चौऱ्याण्णव होत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला विसंगत ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचे आणि ओढणाऱ्यांचे ई-रिक्षांद्वारे पुनर्वसन करण्याचे निर्देश दिले. आरोग्याच्या पाक्षिकात ही गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपल्या विश्रांतीचा भार कोणाच्या तरी हृदयावर आणि कमरेवर पडत होता. आपण शुद्ध हवा घ्यायला येतो आणि आपल्याला ओढणारा धापा टाकतो, हा व्यवहार निरोगी म्हणता येत नाही.

आम्ही चालू लागलो. काही अंतर ठोकळे बसवलेले होते. माझ्या कपाळाला आठी पडली, पण आईची काठी प्रथमच टकटक असा स्थिर आवाज करू लागली. "इथे बरं वाटतंय गं. काठी रुतत नाही," ती म्हणाली. मला उत्तर सुचले नाही. कोरड्या दिवसांत लाल मातीचा फुफाटा उडतो. त्यात घोड्यांच्या लिदीची वाळलेली धूळही मिसळते आणि दमेकऱ्याला ती सोसत नाही. पावसाळ्यात तीच माती वाहून जाते. झाडांची मुळे उघडी पडतात आणि वाटेत घळी होतात. काठी टेकणाऱ्याला, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला, प्रसूतीसाठी तातडीने खाली न्यावयाच्या स्थानिक स्त्रीला एक तरी समतल रस्ता हवा, हे म्हणणे चैनीचे नाही.

थोडे पुढे एका उतारावर घोड्याचा खूर ठोकळ्यावरून सरकला. पाठीवर सातआठ वर्षांची मुलगी होती. घोडेवाल्याने लगाम आवरला आणि काही झाले नाही. पण आई थबकली. "याचीही वाटच आहे ना ही?" एवढेच ती म्हणाली.

या वादाची दुसरी बाजू अशी. माथेरानच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा थर आहे आणि त्याखाली काळा बसाल्ट. जांभा आणि त्यावरची माती पाणी पितात; तेच पाणी झाडांना आणि झऱ्यांना मिळते. वाट काँक्रीटच्या थरावर बांधली, तर पाणी मुरण्याऐवजी कडेने धावते आणि जाताना कडेची माती घेऊन जाते. म्हणूनच न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ठोकळ्यांना परवानगी दिली आणि अंतर्गत रस्ते व डोंगरवाटा मात्र त्यापासून मुक्त ठेवण्यास सांगितले. हा विवेक मला त्या दिवशी पायांनी समजला. गावात पोचण्याची वाट सर्वांना चालता येण्याजोगी असावी आणि रानात शिरण्याची वाट रानाचीच राहावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शार्लोट तलावाकाठी पिसरनाथाचे दर्शन घेतले. तेथून पुढे माती होती. आईची चाल मंदावली, पण पावले विश्वासाने पडू लागली. ओलसर, किंचित मऊ जमिनीवर पाऊल टेकताना धक्का कमी बसतो. जमीन थोडी उंचसखल असली की घोट्याच्या आणि पिंढरीच्या स्नायूंना तोल सावरण्याचे काम मिळते. मात्र हे काम ज्याच्या पायांत तेवढी ताकद आहे त्यालाच झेपते. इतरांनी सोबतीचा हात सोडू नये. आईने तो सोडला नाही.

चौक पॉइंटवर आम्ही बराच वेळ बसलो. खाली खालापूर तालुक्यातले चौक गाव, मोरबे धरणाचे पाणी आणि पलीकडे इर्शाळगड. त्याच गडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली आणि झोपेतली घरे मातीखाली गेली. आईने तिकडे पाहून हात जोडले. पावसात डोंगराचा उतार काय करू शकतो, याची साक्ष समोर असताना कड्याच्या टोकापर्यंत फरसबंदी आणि बांधकाम नेण्याचा उत्साह आवरलेला बरा. पडू नये म्हणून भक्कम कठडा आणि टेकायला बाक एवढे पुरे. बाकी शोभा रानाने आधीच केलेली आहे.

कुटुंबासह जाणार असाल, तर थोडी तयारी करावी. दस्तुरीहून सकाळी लवकर निघावे, म्हणजे ऊन आणि गर्दी दोन्ही टळतात. ज्येष्ठांनी दर दहा-पंधरा मिनिटांनी बसावे. चढापेक्षा उतार गुडघ्यांना अधिक जड जातो, म्हणून परतीसाठी शक्ती राखून ठेवावी आणि नक्षीदार तळव्याचे बूटच घालावेत. दमा असलेल्यांनी श्वासाचे औषध पिशवीत न ठेवता खिशात ठेवावे आणि नाकावर रुमाल बांधावा. कड्यावर मुलांचा हात धरावा, वानरांना खाऊ देऊ नये आणि मुसळधार पावसात कडेला जाऊ नये. आठवड्याला दीडशे मिनिटे मध्यम गतीने चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना सुचवते. माथेरानचे दोन दिवस ती भरपाई करीत नाहीत, पण चालण्याची गोडी लावतात आणि ती घरी नेता येते.

परतताना आई ठोकळ्यांच्या रस्त्यावरूनच आली. दस्तुरीला ते हातरिक्षावाले पुन्हा भेटले. "चाललात की मावशी!" ते म्हणाले. "चालले. पुढच्या खेपेला तुमच्या ई-रिक्षात बसेन," आई म्हणाली. घरी आल्यावर तिने चपला पायरीवर झटकल्या. लाल मातीचा एक पातळ थर खाली पडला. तो मी झाडून तुळशीच्या कुंडीत टाकला.