बाईंनी भरलेली नावं

आमच्या ख्रिस्ती मंडळीची गीतं आज पडद्यावर नीट दिसतात, याचं श्रेय लोक मला देतात. ते बाईंचं आहे.

बाई मराठीच्या निवृत्त शिक्षिका. उपासनेत पेटी त्यांच्याकडे असायची. मंडळीनं गीतं पडद्यावर दाखवणारी ‘ओपनएलपी’ ही फुकट मिळणारी प्रणाली घ्यायचं ठरवलं आणि गीतं त्यात चढवायचं काम माझ्याकडे आलं. गीतं टाइप केलेली होती, पण युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात. ती जशीच्या तशी आत घेतली की पडद्यावर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. कन्व्हर्टरमधून काढली तरी वेलांट्या घसरायच्या. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करतात, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. मध्ये जोडाक्षर आलं की ती भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. रफाराचीही तीच गत.

मी डोळ्यांनी तपासत होतो, बाई गाऊन तपासायच्या. डाव्या हातानं भाता, उजव्यानं सूर, आणि ओळ म्हणत जायच्या. मध्येच थांबायच्या. “इथं मात्रा कमी पडतेय रे, बघ.” बघावं तर दीर्घाचं ऱ्हस्व झालेलं असायचं.

पडदा भरला की प्रोग्राम ओळी आपोआप पुढच्या स्लाइडवर ढकलतो. अभंगाचा चरण मध्येच तुटायचा. बाई श्वास घेतील तिथं मी कंसातल्या तीन रेघांची खूण घालत गेलो. ध्रुपद आधी, मग कडवं, पुन्हा ध्रुपद, हा क्रमही त्यांनीच गीतागणिक सांगितला, कारण काही चालींत दोन कडव्यांनंतरच ध्रुपदाकडे वळायचं असतं. आणि स्लाइड शेवटचा शब्द संपायच्या जरा आधी बदलायची. म्हाताऱ्या माणसांना पुढची ओळ दिसेपर्यंत वेळ लागतो, हे त्यांच्या ध्यानात होतं. माझ्या मनात ते कधी आलंच नसतं.

पण बाई खऱ्या चिडल्या त्या ‘लेखक अज्ञात’वर. ओपनएलपी कवीच्या नावाशिवाय गीत ठेवून घेत नाही. आयात करताना नाव मिळालं नाही तर स्वतःच अज्ञात म्हणून नोंदवते. पडद्याच्या तळाशी प्रत्येक गीताखाली तेच.

“अज्ञात कसले? हे टिळकांचं आहे!”

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, १९१९ मध्ये ते गेले. इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरं गाणाऱ्या मंडळ्यांना त्यांनी अभंगाची, ओवीची वाट रुंद करून दिली. ज्यांच्या शब्दांनी आमच्या पणज्यांनी प्रार्थना केली, त्यांना अज्ञात म्हणायचं? मग बाईंनी ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक मांडीवर घेतलं आणि एकेक नाव मला सांगत गेल्या: टिळक, कृष्णराव सांगळे आणि पुस्तकात नाव असूनही मी कधी न वाचलेले कितीतरी जण. मी लहानपणापासून ही गीतं गातो आहे. ती कुणीतरी बसून लिहिली, हे मला त्या दुपारींमध्ये पहिल्यांदा कळलं.

काही गीतांखाली अजून अज्ञातच आहे. ती जुन्या कुटुंबांतून तोंडी आलेली. बाईंना आता घराबाहेर पडवत नाही, म्हणून घरोघरी विचारायचं काम माझ्याकडे आहे. एखादं नाव कळलं की आधी त्यांना फोन करतो, मग रकान्यात भरतो.