कड गेली म्हणून काय झालं?

मैत्रिणींनो, कुकरची वाफ बाजूनं निसटायला लागली की आपण काय करतो? आधी रिंग बघतो. ती ताठ झालेली दिसली की नवी आणतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच कुकरात डाळ शिजते. रिंगपायी कुकर कुणी भंगारात घालत नाही. पण वस्तू वायरींची नि स्क्रूची असली, की आपण दोन पावलं मागे सरतो. "त्यातलं आपल्याला काय कळतंय?" असं दुसऱ्यानं म्हणायच्या आधी आपणच म्हणून मोकळ्या होतो. म्हणूनच आज स्वयंपाकघर सोडून गाडीच्या डिकीतल्या सबवूफरबद्दल सांगणार आहे.

सबवूफर म्हणजे गाण्यातला अगदी खालचा, जड आवाज काढणारा मोठा स्पीकर. पखवाजाची थाप कानापेक्षा छातीत जाणवते ना, ते त्याचं काम. आमच्या घरच्या गाडीत असे दहा इंची दोन स्पीकर एका लाकडी पेटीत बसवलेले आहेत. माझ्या धाकट्या दिरांनी २००६ साली, नोकरीतल्या पहिल्या बोनसातून हौसेनं घेतलेले. भावोजी २०२१ साली गेले. गाडी दोन पावसाळे पत्र्याच्या शेडखाली उभी होती. पुढे जाऊबाई गाडी चालवायला शिकल्या आणि त्याच गाडीनं शाळेत शिकवायला जाऊ लागल्या. त्यांच्या मुलानं, म्हणजे माझ्या पुतण्यानं, एक दिवस गाणं लावलं, तर पेटीतून नुसती फरफर!

गावातल्या दुकानदारानं जाळी काढून एक नजर टाकली आणि निकाल दिला, "गेलेत दोन्ही. नवे घ्या, नऊ हजार होतील." आमचे हे म्हणाले, "काढूनच टाका, डिकीत जागा होईल." जाऊबाई काही बोलल्या नाहीत. रात्री भांडी आवरताना मात्र हळूच म्हणाल्या, "वहिनी, द्यायचे तर द्या. पण मी शाळेत असताना द्या."

मुलगा दारातच उभा होता. दुसऱ्या दिवशी त्यानं आणि मी पेटी उघडायची ठरवली.

आता ह्या स्पीकरची रचना ऐका. बाहेर पत्र्याचा सांगाडा, मधे शंकूसारखा कागदी पडदा. पडद्यामागे तारेची बारीक गुंडाळी, म्हणजे कॉइल. ती चुंबकाच्या फटीत मागेपुढे हलते आणि पडद्याला हलवते. पडदा आणि सांगाडा जोडणारी जी गोल, फुगीर, मऊ कड असते, तिला सराउंड म्हणतात. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर ह्यांनी बंद पेटीतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून छोट्या पेटीतून खोल आवाज काढून दाखवला. त्यासाठी पडदा सैल कडेवर टांगलेला हवा. पुढे अशा कडा फोमच्याही होऊ लागल्या.

हा फोम मऊ आणि हलका असतो, पण दीर्घायुषी नव्हे. हवेतला दमटपणा त्याला आतून कुजवतो. ऊन आणि उष्णता त्यात भर घालतात. साधारण दहा ते वीस वर्षांत तो चिकट होतो किंवा बोटानं भुगा होतो. स्पीकर वाजवला नाही तरीही! मग आमच्या कोकणातल्या पावसाळ्यात त्याची काय कथा? म्हणजे वस्तू कुणी बिघडवलेली नसते, तिची कड तेवढी वयानं गेलेली असते. मात्र तशीच वाजवत राहिलात, तर पडदा वाकडा हलतो, कॉइल चुंबकाला घासते आणि मग खरोखरच स्पीकर जातो.

काम सुरू करण्याआधी गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. स्पीकर पेटीतून काढताना कुठली वायर कुठे होती ते लिहून ठेवा. स्क्रू ड्रायव्हर दोन्ही हातांनी धरा, कारण चुंबक तो ओढून घेतो आणि टोक पडद्यातून आरपार जातं.

मग जीव आहे की नाही ते बघा. दोन्ही हातांची बोटं पडद्यावर समोरासमोर ठेवून अगदी हलकेच, सारखं दाबा. खरखर न होता पडदा आतबाहेर झाला, तर आशा आहे. घड्याळातला दीड व्होल्टचा सेल वायरींना क्षणभर टेकवा. आमचे दोन्ही स्पीकर 'टप्' म्हणाले, तेव्हा मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता! जळका वास आला, खरखर झाली किंवा सेल लावून काहीच हललं नाही, तर मात्र पैसे घालू नका.

नवी कड मागवताना नुसतं 'दहा इंची' सांगू नका. प्रत्येक कंपनीचं दहा इंच थोडं वेगळं असतं. पडद्याचा व्यास आणि सांगाड्याची आतली-बाहेरची मापं टेपनं घ्या, जशी ब्लाउजची घेतो तशीच. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत विचारता येतं. आम्ही भाच्याकरवी मुंबईहून मागवल्या. दोन कडा आठशेच्या आत आल्या.

सगळ्यात वेळखाऊ काम म्हणजे जुना फोम आणि गोंद खरवडणं. त्याला दोन संध्याकाळी लागल्या. पहिल्या दिवशी जाऊबाई लांब खुर्चीत वह्या तपासत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्याच उठून आल्या, स्पिरिटचा बोळा हातात घेतला आणि म्हणाल्या, "कागद आहे तो, भिजवू नकोस. असं टिपून घे." हात चालू झाले आणि बोलणंही. पेटी बसवायला भावोजींनी रविवारभर जेवणही कसं घेतलं नाही, पहिलं गाणं लावल्यावर शेजारच्या आजी कशा काठी घेऊन बाहेर आल्या! बाबांचं नाव घरात निघालं की विषय बदलायची मुलाला सवय झाली होती. त्या दिवशी तो विचारत राहिला आणि आई सांगत राहिली.

कागदी पडद्याला फोमची कड लावायला फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद चालतो. पडदा प्लॅस्टिकचा किंवा कड रबरी असेल, तर गोंद वेगळा लागतो. दुकानात विचारून घ्या. कड आधी पडद्याला चिकटवा आणि दिवसभर वाळू द्या. नंतर सांगाड्याला लावा. इथेच खरी कसोटी! गोंद ओला असतानाच पडदा पुन्हा हलकेच दाबून बघा. घासला तर कड किंचित सरकवा, पुन्हा बघा. फॉल लावताना आपण साडी ताणत नाही, चुणी येऊ देत नाही. हात तोच ठेवायचा. मग चोवीस तास कुणीही हात लावायचा नाही. सुरुवातीला आवाज बेतानंच ठेवा.

आमचं गाणं लागलं तेव्हा जाऊबाई मागच्या सीटवर बसल्या होत्या. थोडा वेळ ऐकून मुलाला म्हणाल्या, "अजून जरा वाढव. तुझ्या बाबांना एवढ्यानं होत नसे." डोळे पुसले, पण उतरल्या नाहीत. आमचे हे बाहेर उभे होते. डिकीतल्या जागेचा विषय काही पुन्हा निघाला नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, दुकानदार 'गेलं' म्हणाला तरी 'नेमकं काय गेलं?' एवढं विचारल्याशिवाय पैसे काढू नका. गाडी उन्हात उभी राहत असेल तर सावलीची सोय करा; स्पीकरवर ओलं काही ठेवू नका. आणि असं काम काढलंत, तर घरातल्या मुलांनाही जवळ बसवा. गोंद वाळेपर्यंत वेळ भरपूर असतो.